गाड्या बनवणाऱ्या शहराची बस

"ज्या गाड्यांनी या शहराला जेवू घातलं, त्याच गाड्यांना आता नावं ठेवायची?" नाशिकमध्ये आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एका निवृत्त कामगार काकांनी हा प्रश्न विचारला आणि दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. महिना होता २०२५चा सप्टेंबर. नव्या गाडीची नोंदणी पार्किंगच्या जागेचा दाखला दिल्याशिवाय होणार नाही, असं राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी मे महिन्यात बोलून दाखवलं होतं. त्यातच २२ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. दसरा तोंडावर, शोरूममध्ये बुकिंगला गर्दी आणि इथे सोसायटीत गाडी लावायला वीतभर जागा नाही. मग व्हायचं तेच झालं. एक बाजू म्हणाली, गाडी घेणं हा काय गुन्हा आहे? दुसरी म्हणाली, एका घरात तीन-तीन गाड्या घेताना शेजाऱ्याचा विचार करायला नको? शहरभर, चहाच्या टपरीपासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत, हा वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. दोन्ही बाजू गाडीवरच बोलतात आणि मूळ दुखणं बाजूला राहतं. नाशिकमध्ये गाडी ही आता आवड राहिलेली नाही, सक्ती झाली आहे. ही सक्ती उठवायची असेल तर शहराने आधी भरवशाची बस द्यावी आणि गाडीवर काय निर्बंध घालायचे ते त्यानंतर घालावेत. हा क्रम उलटा लावणं अन्यायाचं होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांचा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो खरा आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती नसत्या तर आजचं नाशिक नसतं. महिंद्राची बोलेरो आणि स्कॉर्पिओ इथल्या कारखान्यातून देशभर गेली. डिझेल इंजिनाला लागणारे नोझल-इंजेक्टर बनवणारी मायको इथे आली, तिचं नाव पुढे बॉश झालं, तरी आपण चौकाला मायको सर्कलच म्हणतो. टायरचा कारखाना आहे, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आहेत. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचा मुलगा आयटीआय करून इथेच चिकटला. सिडकोच्या एका खोलीच्या घरावर दुसरा मजला चढला, तो याच पगारातून. माझं शिक्षणही त्याच पैशावर झालं. वडील सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते.

पण वडील कामावर कसे जायचे? कंपनीच्या बसने. त्रिमूर्ती चौकात सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बस यायची. डबा काखेत, ओळखपत्र खिशात, सगळे सहा-पाचलाच उभे. बस एक मिनिटाच्या वर थांबत नसे. आई भिंतीवरचं घड्याळ त्या बसवर लावायची. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री साडेअकराच्या पुढे कोपऱ्यावर बस वळल्याचा आवाज यायचा आणि आई कडी काढायला उठायची. तिला फोनची गरज कधी पडली नाही, आवाजच पुरे होता. घरात स्कूटर आली, पुढे जुनी कारही आली, पण ती रविवारच्या बाजाराला, लग्नकार्याला, आजोळी जायला. कामावर जाण्यासाठी वडिलांनी ती कधी काढली नाही. गाडी होती आणि तिची सक्ती नव्हती. माझ्या मते त्या घराची खरी श्रीमंती हीच होती.

कारखानदारांनी या बस काही धर्मादाय म्हणून ठेवल्या नव्हत्या. असेंब्ली लाइनवर पंधरा माणसं वीस मिनिटं उशिरा आली तर लाइन अडते. ज्यांचा धंदाच गाड्या बनवण्याचा, त्यांनी आपली माणसं वेळेवर आणण्याचं काम गाडीवर सोडलं नाही, बसवर सोपवलं. वेळ ठरलेली, थांबा ठरलेला, रात्री परत सोडण्याची हमी. शहराला सार्वजनिक वाहतूक शिकायला परदेशी अभ्यास दौऱ्याची गरज नाही. ती सातपूरच्या गेटवर पन्नास वर्षांपासून शिकवली जाते आहे. मग जी सोय कारखान्याने कामगाराला दिली, ती शहर आपल्या शिकणाऱ्या मुलीला, भाजीवालीला, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला का देऊ शकत नाही?

"गाड्यांचं शहर" या अभिमानाबद्दलही थोडं बोलायला हवं. गाड्या बनवणारी शहरं जगात बरीच आहेत. अमेरिकेतलं डेट्रॉइट हे फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायसलरचं गाव. त्या शहराने १९५६ साली आपली शेवटची ट्राम बंद केली आणि चांगल्या चालत्या गाड्या मेक्सिको सिटीला विकून टाकल्या. जर्मनीतलं श्टुटगार्ट हे मर्सिडीज आणि पोर्शचं गाव, आणि आपल्या मायकोचंही मूळ घर, कारण रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली आपली वर्कशॉप तिथेच काढली. त्या शहराने ट्राम मोडली नाही, सुधारली. १९७८ पासून उपनगरी रेल्वेही सुरू केली. आज पोर्शच्या कारखान्याशेजारीच त्या रेल्वेचं स्टेशन आहे आणि त्या स्टेशनच्या नावातही पोर्श आहे. डेट्रॉइटची महापालिका २०१३ साली दिवाळखोरीत गेली, त्याची कारणं अनेक आहेत. सगळं खापर मी ट्रामवर फोडणार नाही. श्टुटगार्टलाही कोंडी आणि धूर चुकलेला नाही. २०१९ मध्ये तिथे जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी करावी लागली. पण गाडी बनवणाऱ्या शहराने स्वतः गाडीवरच फिरलं पाहिजे, असा कुठलाही नियम नाही, एवढं या दोन गावांवरून दिसतं. नाशिकची स्कॉर्पिओ राजस्थानात विकली जाते, बिहारात विकली जाते. सातपूरच्या कामगाराचा पगार कॉलेज रोडवरच्या कोंडीतून येत नाही. बसलाही इंजिन लागतं, टायर लागतात, सुटे भाग लागतात. आणि सप्टेंबरात लहान गाड्यांबरोबर बसवरचा जीएसटीही २८वरून १८वर आला. बस घ्यायच्या ठरवल्या तर तोही पैसा याच उद्योगात येईल.

दुसरा आक्षेप मानाचा आहे, आणि बसची बाजू घेणारे त्याला फार हलक्यात घेतात. महामार्गावर गरवारे पॉइंटच्या पुढे एखाद्या शोरूममध्ये शनिवारी संध्याकाळी अर्धा तास थांबून पाहा. लाल फीत, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू. आजीला पुढच्या सीटवर बसवतात, ती पदर सावरते आणि डॅशबोर्डला हात लावून नमस्कार करते. या घरातल्या मागच्या दोन पिढ्या कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लग्नाला गेल्या आहेत, कोणाच्या तरी जीपची वाट पाहत बाळंतिणीला घेऊन रस्त्यावर ताटकळल्या आहेत. त्यांना "गाडी घेऊ नका, प्रदूषण होतं" असं सांगायचा अधिकार मला नाही. गंगापूर रोडच्या बंगल्यात चाळीस वर्षं गाडी असलेल्या माणसाला तर मुळीच नाही. ज्यांच्याकडे आजवर काही नव्हतं त्यांनी आता संयम पाळावा, हा उपदेश आपल्या समाजाने फार वेळा ऐकला आहे. म्हणून गाडी घेणाऱ्याला लाजवणारी भाषा मला मान्य नाही. त्या आजीच्या नातवाने गाडी जरूर घ्यावी. पण तीच गाडी रोज सकाळी एकट्याने अंबडपर्यंत न्यायची आणि संध्याकाळी द्वारका चौकात पाऊण तास उभी करायची वेळ त्याच्यावर कोणी आणली? हप्ता आणि इंधनाचा खर्च त्याच्या पगारातून जातो. मानासाठी घेतलेली वस्तू अशी रोजचं ओझं होऊन बसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप तिसरा: बसचा भरवसाच नाही. हे मी शंभर टक्के मान्य करतो. एसटीकडची शहर बससेवा महापालिकेने आपल्याकडे घेतली आणि ८ जुलै २०२१ला सिटीलिंक रस्त्यावर आली. स्वच्छ गाड्या, सीएनजी, मोबाइलवर तिकीट. सुरुवात चांगली होती, मीही आनंदाने बसलो. पण गाड्या साधारण अडीचशे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. ती आजही तेवढीच धरली तरी लाखामागे १७ बस पडतात. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या मापदंडात लाखामागे ६० बस असतील तर सेवा उत्तम, आणि २०पेक्षा कमी असतील तर ती सर्वांत खालच्या पायरीवर धरतात. आपण त्या खालच्या पायरीवर आहोत, आणि लोकसंख्या वाढली आहे हे धरलं तर आणखी खाली. त्यात ठेकेदाराने पगार थकवला म्हणून वाहकांनी काम बंद केलं, असं एकदा नव्हे, अनेकदा घडलं. ज्या सकाळी मुलगी परीक्षेला निघते आणि थांब्यावर कळतं की आज बसच नाही, त्या दिवशी तिचा बाप मोपेड घेऊन देण्याचं ठरवतो. त्याला दोष कसा देणार? रात्री दहाला नाशिकरोडला उतरलेल्या बाईने कोणाच्या भरवशावर बसची वाट पाहायची? अशा शहरात गाडी किंवा दुचाकी घेणारा माणूस शहाणपणानेच वागत असतो. प्रत्येकाचं हे शहाणपण एकत्र आलं की रस्ता तुंबतो, हे खरं. पण तो तुंबा माणसांना शिव्या घालून निघणार नाही.

यावर हमखास उत्तर येतं: लोकांनाच बस नको आहे. हे धादांत चुकीचं आहे, आणि त्याचा पुरावा शालिमारला रोज उभा असतो. शेअर रिक्षा. मागे तिघं-चौघं दाटीवाटीने, पुढे ड्रायव्हरशेजारी एक, पाय अर्धे बाहेर, आणि रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. इतका त्रास सोसून, खिशातून पैसे देऊन लोक रोज ठरलेल्या मार्गावर एकत्र प्रवास करतात. सार्वजनिक वाहतुकीची मागणी याहून स्पष्ट कशी असते? एसटीने मार्च २०२३मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली आणि गाड्या बायकांनी भरून वाहू लागल्या. परवडणारी गाडी दारावरून जाते म्हटल्यावर माणसं चढतात. नाशिकच्या माणसाने बसकडे पाठ फिरवली नाही. बसच त्याला पुरली नाही.

मग गोष्ट तोट्यावर येते. सिटीलिंक तोट्यात आहे, करदात्याचा पैसा जातो. हो, जातो. या तोट्यावर नाशिकचा इतिहास बोलका आहे. रेल्वे आली ती गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, मेन रोडवरच्या नगरपालिकेपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत. नाशिकला सार्वजनिक वाहतुकीची गरज आहे हे आपल्या पणजोबांना कळलं होतं, तेव्हा तर वस्तीही एवढी नव्हती. ती ट्राम तोट्यात गेली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या रुळांवर पुढे डांबर पडलं. त्या डांबराने कधी नफा कमावला का, असं मात्र कोणी विचारलं नाही. रस्ता, पथदिवा, उड्डाणपूल, सिग्नल यांचा खर्च म्हणजे विकास आणि बसचा खर्च म्हणजे तोटा, ही हिशेबाची पद्धत कुठून आली? गाडी दिवसाला दीड तास चालते असं धरलं तर साडेबावीस तास ती उभी असते, आणि बहुतेक वेळा सार्वजनिक रस्त्यावर, पाच मीटर बाय अडीच मीटर जागा अडवून, फुकट. कॉलेज रोडवरच्या त्या साडेबारा चौरस मीटरचं भाडं दुकानदाराला विचारा. ही सवलतही करदात्याच्याच खिशातून जाते, फक्त ती अंदाजपत्रकात दिसत नाही.

"रस्ते रुंद करा, पूल बांधा" हा उपाय आपण करून पाहिला आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर शहराच्या पोटातून लांबलचक उड्डाणपूल गेला. वरून धुळ्याची वाहनं सुसाट जातात, खाली द्वारका चौक होता तसाच अडलेला. तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग काढला, तो वापराविना पडून राहिला, कारण चौकातल्या माणसाला वरूनच सरळ पलीकडे जायचं असतं. पुढे मायको सर्कल आणि त्रिमूर्ती चौकात उड्डाणपूल करायचे ठरले. उंटवाडीच्या जुन्या वडावर कुऱ्हाड येणार म्हणून लोक रस्त्यावर आले आणि मीही त्यांच्या बाजूने होतो. पण त्या सगळ्या महिन्यांत वाद झाड की पूल एवढ्यावरच राहिला. त्या चौकातून रोज किती माणसं जातात, गाड्या किती हे नव्हे, माणसं किती, आणि त्यांतली निम्मी बसमध्ये बसली तर पूल लागेल का, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारलाच नाही. तेव्हा मीही विचारला नव्हता, याची मला आजही खंत आहे.

आणि मेट्रो? २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. टायरवर धावणारी, वर विजेची तार असलेली लांब बस, उंचावरच्या मार्गावरून. कल्पना वाईट नव्हती, मला तर फार आवडली होती. पण त्यानंतर वर्षं लोटली आणि एक खांब उभा राहिला नाही. या वाट पाहण्याचं मोठं नुकसान असं की "मेट्रो येणारच आहे" या एका वाक्यावर बसचे सगळे प्रश्न पुढे ढकलता येतात. बसला ना खांब लागतो ना दिल्लीची मंजुरी. थांबा, गाडी, चालक, वाहक, वेळेवर पगार आणि गर्दीच्या रस्त्यावर तिच्यासाठी राखलेली एक पट्टी एवढंच लागतं.

ही पट्टी राखता येते का? येते, आणि नाशिक ती राखतंही, फक्त बारा वर्षांतून एकदा. २०१५च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवल्या आणि तिथून पुढे एसटीच्या बस आणि दोन पाय. नियोजन चुकलं, माणसांना विनाकारण किलोमीटरच्या किलोमीटर चालावं लागलं, बॅरिकेड नको तिथे लावली, हे सगळं मी पाहिलं आहे आणि ते पुन्हा होऊ नये. पण लाखो माणसं गाडीने आणायची म्हटली तर ती रामकुंडापर्यंत पोहोचणारच नाहीत, हे प्रशासनाला तेव्हा कोणी समजावून सांगावं लागलं नाही. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरातही हेच होईल. मग साधूंची, भाविकांची जी सोय तीन पर्वण्यांसाठी होते, ती इथे बाराही वर्षं राहणाऱ्यांसाठी का होत नाही? सिंहस्थाच्या निधीतून रस्त्यांची रुंदीकरणं होतील, रिंगरोड होतील. त्यातल्या किती कामांमागे दुसऱ्या दिवशी धावणारी बस असेल, हे आजच विचारायला हवं.

आता पार्किंगच्या दाखल्याकडे परत येतो. कल्पना नवी नाही. जपानने १९६२मध्येच असा कायदा केला: घरापासून ठरावीक अंतरात गाडी ठेवायला जागा दाखवा, मग नोंदणी. टोयोटा, होंडा, सुझुकी त्यानंतरच जगभर पसरल्या. तेव्हा दाखल्याने गाडी उद्योग बुडतो, हे म्हणणं टिकत नाही. पण जपानच्या शहरांत गाडी नसलेल्या माणसाला वेळेवर सुटणारी लोकल होती. आमच्या सिडकोतल्या स्कीमच्या घरात, जुन्या नाशिकच्या वाड्यात गाडीची जागा आणायची कुठून? ज्याचा बंगला मोठा, त्याला तिसऱ्या गाडीचाही दाखला मिळेल; ज्याचं घर दोन खोल्यांचं, त्याला पहिल्या गाडीचाही नाही. आणि दाखला नाकारलेल्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी कामावर जायचं कसं, याला आज शहराकडे उत्तर नाही. म्हणून मी या नियमाच्या विरोधात नाही, पण आज तो आणण्याच्या विरोधात आहे.

सभेत त्या काकांना मी विचारलं, "काका, तुम्ही कामावर कशाने जायचात?" ते म्हणाले, "कंपनीच्या बसने. पवननगरच्या स्टॉपवर सहा-पाचला. एक दिवस चुकली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आता नातू जातो, त्याला गाडी घेऊन द्यावी लागली." त्यांच्याशी मला भांडायचं नाही, आमची मागणी एकच आहे. पवननगरहून निघून त्रिमूर्ती चौक, उंटवाडी, मायको सर्कल, सीबीएसचं बसस्थानक, द्वारका, आणि जिथे कधीकाळी ट्राम जायची त्या नाशिकरोड स्टेशनपर्यंत एक मार्ग. सकाळी पाच ते रात्री साडेअकरा, दर दहा मिनिटांनी एक बस, गर्दीच्या वेळी राखलेली पट्टी, वाहक-चालकांचा पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. सलग एक वर्ष, एकही खाडा न करता. त्या वर्षाच्या शेवटी काकांच्या नातवाला विचारू, गाडी रोज काढतोस की रविवारी.